घराण्यात काही नाही

कर्जत
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

तेजू,

आधी 'प्रिय' लिहिलं, मग खोडलं. खोडलेलं दिसतंय, दिसू दे. चार वर्षं तू धाकटी बहीण असून माझ्याशी बोलत नाहीस, फोनवर मला बंद करून टाकलंयस. अशात एकदम 'प्रिय' म्हणजे पहिल्याच भेटीत मुलाकडच्यांनी 'आम्हाला मुलगी पसंत, बाकी तुम्ही म्हणाल तसं' म्हणण्यासारखं. असं कुणी म्हटलं की मी आधी त्या मुलाची चौकशी लावते.

टपालाने लिहितेय, कारण टपाल तुला बंद करता येत नाही.

माझं वधूवर मंडळ बरं चाललंय. सध्या पितृपक्ष, म्हणून स्थळांना सुट्टी. पंधरा दिवस लोक मेलेल्यांना जेवायला घालतात आणि सोळाव्या दिवशी माझ्याकडे येऊन विचारतात, 'मुलीच्या घराण्यात काही नाही ना?' काही म्हणजे कोड, वेड, फिट, पळून गेलेली आत्या. मी म्हणते, 'काही नाही.' तीस वर्षांत हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय की झोपेतही म्हणत असेन.

लिहायचं कारण तसं किरकोळ आहे. रियाला ताप आलाय. रिया म्हणजे माझी नात, आपल्या समीक्षाची. तू पाहिलीस तेव्हा ती रांगत होती, आता पाच वर्षांची आहे. समीक्षा आणि जावई हृषिकेश पुण्याला नोकरीत, म्हणून पोर माझ्याकडे, शाळा इथेच. गौरीला सुंदराने तिला पोशीरला आपल्या घरी नेलं होतं. सुंदरा माझ्या ऑफिसात चहा करते आणि नेरळपासून कशेळ्यापर्यंत कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला सांगते. तिची नात आरोही आणि आपली रिया एका वयाच्या. तीन रात्री दोघी एका गोधडीत, शेताकडच्या पडवीत झोपल्या. काल गुरुवारी दोघींना एकाच दिवशी ताप. आज रक्त तपासलं. दोघींनाही मलेरिया, त्यातला तो वाईट जातीचा.

आपल्या डॉक्टरांनी तीन दिवसांच्या गोळ्या दिल्यात. म्हणाले, वेळेत आलात, घाबरण्यासारखं नाही. नेहमीचे प्रश्न विचारले. त्यातला एक असा होता: "घरात लहानपणी कुणाच्या डोक्यात गेला होता का मलेरिया? कुणी दगावलं होतं?"

मी म्हटलं, "छे! आमच्या घराण्यात काही नाही."

"मग घरी न्या. असतं तर एक दिवस ठेवून घेतलं असतं. पण गोळी उलटून पडली किंवा पोर सुस्त वाटली, तर वाट बघू नका, लगेच आणा."

हे तुला कळवायचं कारण एवढंच की तुझं कामच ते. एका घरातली, एकाच पडवीत झोपलेली दोन पोरं. एक तिसऱ्या दिवशी अंगणात खेळतं आणि एक जातं. असं का, हे तू पंधरा वर्षं लोकांच्या रक्तात शोधते आहेस. तेव्हा म्हटलं, तुला रस वाटेल.

आईच्या रक्ताच्या पाकिटाबद्दल हे पत्र नाही. ते मी तिच्या कपड्यांबरोबर जाळलं, हे तुला तेव्हाच सांगितलंय.

ताई


शनिवार, १३ सप्टेंबर, दुपार

तेजू,

कालचं पत्र टाकलं नाही. पाकिटाला डिंक लावला, आणि वाटलं, अजून थोडं लिहायचं आहे.

सुंदरा सकाळी आरोहीला घेऊन आली. दारातूनच ओरडली, "बाय, बघा आमची पोर! काल निसती फणफणत व्हती. आज उठली नि कोंबडीमागं पळतेय."

"गोळ्या दिल्यास ना सगळ्या?"

"दिल्या म्हंजे! मांडीखाली दाबली, नाक धरलं नि घातल्या. रडती तर रडू दे की. तुमचं ब्येस हाय, 'घे गं सोन्या, घे गं बबड्या.' तुमच्या बबड्यानं तुमाला घोळात घेतलंय."

आरोही दारात उभी राहून आमचा चकलीचा डबा न्याहाळत होती. मागितला, दिला, अर्धा संपवला. आत रिया भिंतीकडे तोंड करून पडलेली. अंगाला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं.

दोघींना एकच ताप, एकच गोळी, एकच दिवस. मग एक चकली खाते आणि एक पाणीसुद्धा पोटात ठेवत नाही, हे काय आहे तेजू? तुझ्या भाषणाची चित्रफीत समीक्षाने मला दाखवली होती. त्यात तू कोट घालून इंग्रजीत म्हणत होतीस की शरीराच्या पहारेकऱ्यांचीसुद्धा घराणी असतात. मला तेव्हा हसू आलं होतं. म्हटलं, बघा, मोठी शास्त्रज्ञ झाली, पण शेवटी माझ्यासारखी पत्रिकाच जुळवतेय.

आज हसू येत नाही.

सकाळची गोळी उलटली. परत दिली, परत उलटली. तिसऱ्यांदा मी वाटी घेऊन बसले, तर तिने केसांतली फुलपाखराची पिन काढून माझ्या हातावर ठेवली. "आजी, ही तुला. गोळी नको. आईला सांगू नको."

मी तिला मारलं. चांगली पाच बोटं उठली. आजवर तिला बोट लावलं नव्हतं. सुंदरा ओट्याशी होती, ती धावत आली. "बाय, याड लागलं का काय तुमाला? तापातल्या पोरीला मारतात?"

का मारलं ते विचारू नकोस.

गोळी गेली पोटात. तिने ठेवली की नाही, माहीत नाही. ती आता झोपलीय. फार झोपते आहे. डॉक्टरांकडे न्यायला हवं, असं सुंदरा म्हणते. पण तिथे गेलं की परत तेच प्रश्न विचारतील. संध्याकाळपर्यंत बघते.

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मला माहीत आहे. म्हणूनच तुला लिहिते आणि पेटीत टाकत नाही.

ताई


खोपोली
सोमवार, १५ सप्टेंबर

तेजू,

अक्षराकडे बघू नकोस. मांडीवर कागद धरून लिहितेय.

काल दुपारी रियाला आकडी आली. डोळे वर, दातखिळी, एक हात नुसता हलतोय, जसं कुणी पलीकडून दोरी ओढतंय. मी तिचं नाव घेत होते आणि ती माझ्याकडे बघत होती, पण ते बघणं तिचं नव्हतं. असलं बघणं मी एकदा पाहिलेलं आहे. तुला आठवत नसणार, तू चार वर्षांची होतीस.

सुंदराचा मुलगा कमलेश, त्याच्या टेंपोत घालून खोपोलीला आणलं. वाटेत त्याच्या टेंपोवरच्या भाजीच्या जाळ्यांतून टोमॅटो पडत होते, आणि मी मूर्खासारखी त्याला सांगत होते, "कमलेश, टोमॅटो पडतायत रे." तो म्हणाला, "काकी, टमाटं जाऊ द्या, पोरीला धरा."

अतिदक्षता विभागात आहे. शिरेतून औषध चालू आहे. तीन इंजेक्शनं चोवीस तासांत, मग पुढे बघू म्हणाले. इथले डॉक्टर तरुण आहेत, सावकाश बोलतात, ते मला फार भीतीदायक वाटतं. घाईतला डॉक्टर बरा, त्याला निदान पुढचा पेशंट बघायचा असतो. यांनी समीक्षाला आणि मला समोर बसवून सांगितलं की जंतूंनी भरलेल्या तांबड्या पेशी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्यात, आणि त्यांच्यावर रियाचं शरीर फार जोरात तुटून पडलंय. त्या लढाईचीच सूज आहे.

मला म्हणायचं होतं, डॉक्टर, आमच्या घरात सगळे असेच, चोर धरायला गेले की आधी स्वतःचे खांब पाडतात. पण म्हटलं नाही.

मग पुन्हा तोच प्रश्न आला. घरात कुणाला लहानपणी असं झालं होतं का?

समीक्षा पटकन म्हणाली, "आई, तो एक मामा होता ना? लहानपणी गेलेला? अनूमामा?"

"तो बुडाला," मी म्हटलं. "उल्हास नदीत."

तेजू, मी हे डॉक्टरांच्या टेबलासमोर बसून म्हटलं. काचेपलीकडे पोरीच्या नाकात नळी होती आणि मी म्हटलं. समीक्षाच्या लग्नाच्या वेळी हृषिकेशच्या आईने विचारलं होतं, तेव्हा सुचलं होतं ते. बुडून मेलेला मामा पत्रिकेला अडचण करत नाही. तापाने मेलेला करतो. दहा-बारा वर्षं घरात ते इतकं मुरलंय की तोंडातून आपसूक आलं. डॉक्टरांनी कागदावर आडवी रेघ मारली.

इथे बाहेर बाकावर बसून लिहितेय. समोरच्या भिंतीवर डासाचं मोठं चित्र लावलंय, त्याच्या सहाही पायांना नावं दिलीत. त्याच्याकडे बघवत नाही, पण दुसरीकडे कुठे बघायचं तर ते काचेचं दार.

समीक्षाने तुला फोन लावलाय असं आत्ता कळलं. मला न सांगता. बरं केलं.


मंगळवार, १६ सप्टेंबर, सकाळ

तेजू,

काल तुझा आवाज ऐकला. तू समीक्षाशी बोलत होतीस, फोन तिने मोठ्या आवाजावर ठेवला होता, आणि मी दोन हातांवर होते. तुला सांगायचं नाही असं मी तिला खुणेने सांगितलं. तुझा आवाज आईसारखा झालाय.

तू समजावून सांगत होतीस. प्रत्येकाच्या पहारेकऱ्यांना हुकूम देणारी जनुकं थोडी थोडी वेगळी. कुणाची धोक्याची घंटा हळू वाजते, कुणाची वेळेवर, कुणाची वाजायला लागली की थांबतच नाही. त्याने धोका थोडा इकडेतिकडे होतो. पण वय, आधी ताप येऊन गेलेला असणं, औषध किती लवकर पोटात गेलं, हे सगळं त्यात मिसळतं. समीक्षाने विचारलं, "मावशी, म्हणजे हे आपल्याकडून आलं का गं तिला?" आणि तू म्हणालीस, "हजार मुलांची बेरीज केली तर मी काही सांगू शकते. एका मुलाबद्दल कुणीच सांगू शकत नाही. आणि आलंच असेल तरी तो गुन्हा नसतो, समी."

मी भिंतीला टेकले.

आता ऐक. समीक्षा आत आहे आणि मला कुणी अडवणारं नाही, तोवर लिहून टाकते.

१९८४ साल. पावसाळा सरता सरता. मलेरियावाला यायचा, दारामागे पेन्सिलीने तारीख लिहायचा, आठवतं? त्याने तुझं आणि अनूचं रक्त नेलं आणि गोळ्या देऊन गेला. तू चार वर्षांची, अनू सहा, मी अकरा. आई बालवाडीत शिकवायला जायची, अप्पा कचेरीत. आईने मला गोळ्यांच्या दोन पुड्या दिल्या. तुझी वेगळी, त्याची वेगळी. गुळात कालवून दे, दोघांनी गिळल्याशिवाय उठायचं नाही.

तुला मी खाली पाडलं, नाक धरलं आणि घातली. तू मला चावलीस. अजून खूण आहे अंगठ्यापाशी.

अनूने त्याचा लाल भोवरा आणला. नवाकोरा, माथेरानला जाणाऱ्या कुणीतरी काकांनी दिलेला, मला तो हात लावू देत नसे. माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, हा तुला. गोळी नको. आईला सांगू नको."

मी घेतला.

तीन दिवस त्याच्या गोळ्या मी मोरीत टाकल्या, आणि तीन दिवस आईला सांगितलं, घेतली. चौथ्या दिवशी त्याला आकडी आली. पाचव्या दिवशी तो नव्हता. तू अंगणात बसून माती खात होतीस. तुझ्याकडे मला द्यायला काही नव्हतं, तेजू, म्हणून तू वाचलीस. एवढाच मला माहीत असलेला तुझ्या विषयाचा सिद्धांत.

पुढचं तुलाही माहीत आहे, फक्त उलट्या बाजूने. आईचे दोन भाऊ पेणला लहानपणी तापानेच गेले होते. अप्पांनी तेराव्याच्या जेवणानंतर सगळ्यांसमोर म्हटलं, "हिच्या माहेरच्या रक्तातच खोट आहे." तेच मग आत्या म्हणाली, मग शेजारी म्हणाले, मग कुणी म्हणायची गरजच राहिली नाही. आई सदतीस वर्षं ती खोट पदराला बांधून वावरली. सणाला दुसऱ्यांची पोरं मांडीवर घ्यायची नाही. समीक्षा झाली तेव्हा बारा दिवस लांबून बघत होती. आणि मला माहीत होतं. रोज माहीत होतं. अकरा वर्षांची होते तेव्हा घाबरले म्हणून बोलले नाही. ती गेली तेव्हा अठ्ठेचाळीसची होते, तोवरही बोलले नाही.

तू तिच्यासाठीच या शास्त्रात गेलीस, हे मला कळत होतं. ती जायच्या आधी तू आलीस, त्या जाड पांढऱ्या कागदावर तिच्या बोटातलं रक्त घेतलंस, चार गोलांत चार थेंब. ती म्हणाली, "घे बाई. माझ्यात काय खोट आहे ती एकदाची बघून सांग." परवानगीचे कागद यायचे होते म्हणून पाकीट माझ्याकडे ठेवून गेलीस.

तुला वाटलं, मी अडाणीपणाने जाळलं. किंवा तुझ्या मोठेपणाचा मला सल होता. तसं नव्हतं. त्या कागदात खोट निघाली तर अप्पा खरे ठरणार होते, आणि नाही निघाली तर मी दोषी. दोन्हीकडून मला घरात तोंड दाखवायला जागा नव्हती. म्हणून तुला खोटं सांगितलं.

पाकीट जाळलेलं नाही.

थांबते. नर्स धावत आत गेली आहे.


मंगळवारीच, दुपारी

पुन्हा आकडी. छोटी होती म्हणतात. छोटी म्हणजे काय ते मला कळत नाही.

तेजू, देवाला मी काय देऊ? मी तीस वर्षं लोकांना नवस न बोलण्याचा सल्ला देतेय. आता देवाकडे काही मागायला जावं तर तो म्हणेल, आधी तो भोवरा आण.


गुरुवार, १८ सप्टेंबर

तेजू,

रियाने काल संध्याकाळी डोळे उघडले. पाणी मागितलं. मग आरोहीची कोंबडी मागितली. नर्सला कळेना, तिने मांसाहाराला अजून परवानगी नाही असं सांगितलं.

सुटलो असं डॉक्टर म्हणत नाहीत. रक्तातले जंतू उतरलेत. पण तिला काल वर्गातल्या बाईंचं नाव आठवेना, आणि डावा पाय जमिनीवर टेकवताना ती थांबते. पुढचे काही महिने बघत राहायचं. मी तिला दहा वेळा विचारलं, माझं नाव काय. अकराव्यांदा ती म्हणाली, "आजी, तुला तुझं नाव माहीत नाही का?"

पण लिहायचं ते वेगळंच.

आज सकाळी हृषिकेशच्या आई आल्या. विहीणबाई चौक गावाहून येतात, तिथे त्यांचं टायरचं दुकान आहे. मनाने वाईट नाहीत. डबा आणला, समीक्षाच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग बाकावर बसून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आमच्याकडे सात पिढ्यांत कुणाला असं नाही झालं हो. डास काय, सगळ्यांनाच चावतात. ती कामवालीची पोर दोन दिवसांत उठली. मग आपल्या पोरीलाच हे कुठून आलं?"

हृषिकेश म्हणाला, "आई, आत्ता नको."

"मी आपलं विचारते. पुढे दुसरं मूल व्हायचं आहे. रक्तात काही असेल तर आधीच कळलेलं बरं."

समीक्षाने मान खाली घातली आणि पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. तेजू, तेच बोट, तेच गुंडाळणं. आई बसायची तशी.

मी उभी राहिले.

"विहीणबाई, मामा बुडाला नव्हता," मी म्हटलं. "तुम्हाला लग्नात सांगितलं ते खोटं. तो मलेरियाने गेला. मी अकरा वर्षांची होते, त्याच्या गोळ्या माझ्याकडे होत्या, मी त्या मोरीत टाकल्या. एका भोवऱ्यासाठी. आणि शुक्रवारी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं असतं, तर पोर त्याच दिवशी इथे असती. शनिवारी उलट्या होत असताना मी बसून राहिले, कारण तिथे गेले तर परत विचारतील. रक्तात काही असेल-नसेल, ते माझी बहीण बघेल. पण विचारायचं असेल तर मला विचारा. हिला नाही."

कॉरिडॉरमध्ये बसलेले सगळे ऐकत होते. एक माणूस मोबाइलवर काहीतरी बघत होता, त्याने आवाज बंद केला. माझ्या धंद्याचं पुढे काय होईल ते मला माहीत आहे. चौकपासून नेरळपर्यंत बातमी आत्तापर्यंत पोचली असेल. सुंदरा माझीच माणूस, पण तीही काही मुकी नाही.

विहीणबाईंनी डबा मांडीवर घेतला. डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मग म्हणाल्या, "अकरा वर्षांच्या होतात ना तेव्हा."

"आता बावन्नची आहे," मी म्हटलं.

मी आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी ती आडवी रेघ खोडून लिहून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाहेर आले तेव्हा गोळ्यांची पट्टी माझ्या हातात होती. शिरेतलं औषध संपलं, आता तोंडाने तीन दिवस. समीक्षाने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"मी देईन," ती म्हणाली. एवढंच. वर काही नाही. ओरडली असती तर मी उलट बोलले असते, मला ते जमतं.


कर्जत
शनिवार, २० सप्टेंबर

तेजू,

काल घरी सोडलं. उद्या सर्वपित्री अमावस्या. दरवर्षी मी आईचं आणि अप्पांचं पान वाढते. अनूचं कधी वाढलं नाही, लहान मुलांचं वाढत नाहीत असं कुणीतरी सांगितलं होतं आणि मला ते सोयीचं पडलं.

आईचं पाकीट समीक्षाकडे दिलंय. ते कुठे होतं ते ऐकून तू हसशील: कपाटात, 'नकार आलेली स्थळं' अशी एक फाइल आहे माझी, तिच्यात. चार वर्षं आई तिथे नाकारलेल्या मुलींमध्ये होती. कागद कोरडा आहे, चारही गोल तपकिरी झालेत. परवानगीचे जे काय असतील ते कागद तू मागव. त्याच्याबरोबर माझंही रक्त घे, समीक्षाचंही. सुंदराला विचारलं, आरोहीचं देशील का. म्हणाली, "घ्या की. पर आमाला नाय सांगायचं काय निघालं त्ये. निघालं तरी ती कोंबडीमागंच पळणार हाय." तीच सगळ्यांत शहाणी.

काय निघेल याची मला अजून भीती वाटते. तू समीक्षाला असंही म्हणालीस म्हणे, की त्या काळी त्या गोळ्यांना दाद न देणारा मलेरियाही सगळीकडे पसरायला लागला होता, अनूने गोळ्या घेतल्या असत्या तरी कदाचित. समीक्षाने मला ते जपून सांगितलं, आजाऱ्याला सांगतात तसं. त्या 'कदाचित'वर मी दोन रात्री झोपले नाही. ते मला नको होतं, तेजू. एकेचाळीस वर्षं मला निदान नक्की माहीत तरी होतं.

आज शेवटची गोळी. दुपारी जेवणानंतर समीक्षा वाटी घेऊन बसली. मी दारात उभी. परवापासून गोळीच्या वेळी मी दारातच उभी राहते, आत यायचं नाही असं कुणी म्हटलेलं नाही. समीक्षा चुचकारत होती, रिया ओठ मिटून बसली होती, आणि समीक्षाच्याच डोळ्यांतून पाणी. दहा मिनिटं झाली. मग रिया म्हणाली, "आई नुसती रडते. आजीला दे. आजी नाक धरते."

समीक्षाने माझ्याकडे पाहिलं. मग वाटी पुढे केली. हातात नाही दिली, पलंगाच्या कडेला ठेवली. आणि तिथेच बसून राहिली.

मी रियाला मांडीवर घेतलं. तिच्या गालावर आता काही खूण नाही, मी बघितलं. तिने केसांतल्या पिनेला हात लावला.

"ही नाही देणार तुला," ती म्हणाली. "माझी आहे."

"देऊ नको," मी म्हटलं. "मागितली तरी देऊ नको."

नाक धरलं. ती मला चावली, तुझ्यासारखी, त्याच अंगठ्याला. गोळी गेली. जिभेखाली बघितलं, गालात बघितलं, समीक्षालाही बघायला लावलं. अर्ध्या तासात उलटली तर परत द्यायची. हे पत्र मी त्या अर्ध्या तासात लिहितेय, पलंगाच्या पायथ्याशी बसून. समीक्षा समोर आहे. दोघींच्या मध्ये घड्याळ ठेवलंय. एकमेकींशी बोलत नाही, पण दोघी एकाच घड्याळाकडे बघतोय.

रियाला आत्ता एकदा ओकारी आल्यासारखं झालं. आम्ही दोघी उठलो. काही नाही, नुसती ढेकर होती. परत बसलो.

अजून सात मिनिटं आहेत. कागदावरून डोळे काढून तिच्याकडे बघायचंय. ही सगळी पत्रं एकाच पाकिटात घालून टाकतेय; पोचली की नाही, एवढं कळव. समीक्षाला कळवलंस तरी चालेल.

ताई